वायपरचा खटला

“आधी बयान.”

एवढेच म्हणून ते कानामागचा खडू काढत, दुकानाच्या कायम बंद असलेल्या दुसऱ्या शटरसमोर उभे राहत आणि गाडीच्या मालकाकडे इतक्या शांतपणे पाहत, की आपण काहीतरी लपवतो आहोत असे भल्याभल्यांना वाटू लागे.

गाड्यांचे वायरिंग दुरुस्त करणारे असे एखादे दुकान तुमच्याही गावात असेल. ते चालवणारा असा माणूस मात्र असेलच असे नाही. बुलढाण्यात कोर्टाच्या मागच्या रस्त्यावर त्यांचे दुकान होते. तरुणपणी कोर्टाच्या आवारात अर्ज लिहिणाऱ्या मामांजवळ ते चार वर्षे बसले होते. पुढे तारा, बल्ब आणि बॅटऱ्या यांच्या नादी लागले. पण आवारातली भाषा काही त्यांनी सोडली नाही. बिघाड म्हणजे गुन्हा. सुटे भाग म्हणजे संशयित. संशयितांची नावे ते खडूने शटरवर एकाखाली एक लिहीत आणि तपासात जो निर्दोष ठरे त्याच्यावर काट मारीत. प्रत्येक यादीची शेवटची ओळ ठरलेली असे: “एक अनोळखी इसम.”

गाव त्यांना वकीलसाहेब म्हणत असे. खरे वकीलही त्यांच्याकडे येत. एकदा एका नामांकित वकिलांच्या गाडीचा हॉर्न बंदच होईना. गाडी कोकलत दुकानासमोर आली, तेव्हा यांनी मान वर न करता विचारले, “काऊन वकीलसाहेब, अशील लय बोलून राह्यला?” आजूबाजूचे सगळे हसले. खऱ्या वकीलसाहेबांनाही हसावे लागले.

मी मात्र त्या दुकानावरून दोनदा तशीच पुढे गेले होते. समोरच्या चहाच्या टपरीवर पुरुषांची गर्दी असे, आणि तेवढ्या नजरांसमोर जीप वळवून उभी करणे मला जमेल याची खात्री नव्हती. गाडी चालवायला मी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी शिकले. त्याआधी वीस वर्षे मी तर्कशास्त्र शिकवत होते आणि रस्ता ओलांडतानासुद्धा कुणाच्या तरी मागे उभी राहत होते.

जीप वडिलांची होती. सरकारी लिलावातून त्यांनी ती घेतली होती आणि शेवटपर्यंत स्वतः चालवली होती. ते गेल्यावर पुण्याच्या दादाने ती विकायचे ठरवले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला नाही म्हटले. तो चकित झाला असावा, कारण त्याने वाद घातला नाही. फक्त एक अट घातली. “रविवारी मी लोणारच्या घरी येतोय. तू बुलढाण्याहून जीप घेऊन ये, एकटी. पाऊस असला तरी. आलीस तर गाडी तुझी. नाही तर सोमवारी मेहकरचा माणूस येऊन घेऊन जाईल. उगीच पडून राहायला नको ना ती.”

भाद्रपद चालू होता. रोज पाऊस पडत होता आणि जीपचे वायपर चालत नव्हते.

खरे तर चालत नव्हते असेही नाही. चार-पाच फेऱ्या ते ऐटीत मारीत, मग थकल्यासारखे मंद होत आणि काचेच्या मधोमध उभे राहत. एका मेकॅनिकने जीपला हात न लावताच सांगितले होते की मोटर गेली. म्हणून शुक्रवारी दुपारी, रिमझिम चालू असताना, नव्या मोटरचा डबा शेजारच्या सीटवर ठेवून मी अखेर त्या दुकानासमोर जीप थांबवली. दोन प्रयत्नांत वळवली. टपरीवरच्या एकानेही पाहिले नाही, हे मला नंतर कळले.

“मोटर गेली आहे,” मी म्हणाले. “नवी आणली आहे. फक्त बसवून द्या.”

त्यांनी डबा घेतला, हलवून पाहिला आणि बाकाखाली सरकवून दिला.

“हा तं निकाल झाला, मॅडम. मले बयान पाह्यजे. तुमच्या डोयानं तुमी काय पाह्यलं, तेवढंच सांगा.”

मी सांगू लागले. ते मधूनमधून अडवत होते. “थांबतात म्हन्ता. कोठी थांबतात? खाली का मधात?” “मधे.” “एकदम का हयूहयू?” “हळूहळू.” “मंग पुन्हा चालू कसे होतात?”

हे मला सांगायला संकोच वाटत होता, कारण ते फारच अशास्त्रीय वाटे. “खड्डा आला की चालू होतात. देऊळघाटच्या रस्त्यावर तीनदा झालं तसं.”

“असं असन तं आपल्या इकडं ते कधी बंदच नाही पडाले पाह्यजे,” ते गंभीरपणे म्हणाले. टपरीवर कुणीतरी हसले. मीही हसले.

“कधीपासून हाय हे?”

“या पावसाळ्यापासून. मागच्या वर्षी ठीक होते.”

“मधल्या काळात गाडीले काय केलं?”

“काहीच नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत रंग दिला, एवढंच.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले. शटरकडे वळले आणि लिहिले: फ्यूज. स्विच. दांडा. मोटर. आणि खाली, नेहमीसारखा, एक अनोळखी इसम.

त्यानंतरच्या तासाभराइतका रंगलेला तास मी कुठल्याही वर्गात अनुभवलेला नाही. त्यांनी फ्यूज काढला, उजेडात धरला, माझ्या हातात दिला. “तुटला हाय का?” नव्हता. “काट मारा.” खडू त्यांनी माझ्याकडे दिला होता. मी शटरवर काट मारली. मग मोटर ज्या दांड्याने वायपरचे दोन्ही हात हलवते तो दांडा त्यांनी सोडवला आणि मला हाताने फिरवायला लावला. कुठे अडकतो का? अडकत नव्हता. दुसरी काट. टपरीवरची माणसे आता ग्लास घेऊन इकडे सरकली होती आणि मला त्याचे काही वाटत नव्हते, हे माझ्या लक्षात आले तेव्हा मी जीपच्या आत गुडघ्यांवर बसलेली होते.

त्यांनी एक बल्ब आणला. त्याला दोन लांब तारा होत्या. जुन्या जीपमध्ये वायपरची मोटर काचेच्या चौकटीलाच, आतल्या बाजूने, एका पट्टीवर बसवलेली असते. स्विचकडून मोटरला येणारी तार सोडवून तिला त्यांनी बल्बची एक तार लावली आणि दुसरी थेट बॅटरीच्या ऋण दांडीला.

“बटन दाबा.”

मी दाबले. बल्ब लखलखीत पेटला.

“म्हन्जे स्विचनं आपलं काम केलं. मोटरपावतर करंट येऊन राह्यला. काट मारा.”

“आता मोटरच उरली,” मी म्हणाले. खरे सांगायचे तर मला थोडा विजयही वाटला.

“मोटर उरली म्हन्जे मोटरनंच केलं?” त्यांनी शेवटच्या ओळीकडे बोट दाखवले. “अन् हा कोन हाय? तुमी कालेजात काय शिकवता?”

“तर्कशास्त्र,” मी हळूच म्हणाले.

“बरं,” ते म्हणाले. दुसरे काहीही म्हणाले असते तर मला कमी लागले असते.

पहिली तार होती तिथेच राहू देऊन बल्बची दुसरी तार त्यांनी बॅटरीवरून काढली आणि मोटरच्या लोखंडी अंगाला टेकवली. “दाबा आता.”

बल्ब जेमतेम लाल झाला. विझत आलेल्या निखाऱ्यासारखा.

मला काही समजेना. त्यांना समजले होते. त्यांनी मोटरची तार परत जोडली आणि टपरीवरून चहा आणावा तशी सहज दुकानातून एक लांब जाड तार आणली, तिचे एक टोक बॅटरीच्या त्याच दांडीला बांधले, दुसरे मोटरच्या अंगाला टेकवले आणि मला म्हणाले, “दाबा, अन् बोटं दूर ठेवा.”

वायपर उडालेच. इतक्या वेगाने ते मी कधीही पाहिले नव्हते, वडिलांच्या काळातही नाही. काचेवरचे पाणी दोन्ही बाजूंना फेकत ते सपासप जात होते, येत होते, आणि टपरीवाल्यांपैकी कुणीतरी टाळी वाजवली. मी दहापर्यंत मोजले, वीसपर्यंत मोजले. ते मंदावले नाहीत. मोटर निर्दोष होती, मजबूत होती, इतके दिवस उपाशी होती.

“करंट येते एका तारेनं,” ते म्हणाले, “पन परत जायले येगळी तार नसते. गाडीच्या अंगातून जाते थो. मोटरमधून पट्टी, पट्टीतून चौकट, चौकटीतून बॅटरी. आता हे पट्टी पाहा.”

मी पाहिले. पट्टी सुरेख दिसत होती. मीच रंगवली होती. मे महिनाभर मी जीपचा एकेक भाग सोडवून, घासून रंगवला होता. जिथे कुणाचीही नजर जाणार नाही तिथेही दोन हात दिले होते. पट्टीच्या पुढून, पाठीमागून, बोल्टच्या भोकातूनसुद्धा. पट्टी आणि चौकट यांच्यामध्ये कुठे लोखंडाला लोखंड टेकतच नव्हते. खड्ड्याच्या धक्क्याने बोल्ट क्षणभर कुठेतरी घासला जाई, तेवढेच.

“इतक्या मायेनं रंग देल्ला मॅडम,” ते म्हणाले, “का करंटले घरी जायले वाटच नाही ठेवली.”

शटरवरच्या शेवटच्या ओळीसमोर खडू टेकवून त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी खडू घेतला आणि “अनोळखी इसम” यापुढे स्वतःचे नाव लिहिले. चारचौघांत माझी चूक मी इतक्या आनंदाने कधीच कबूल केली नव्हती.

“सजा काय?” टपरीवरून प्रश्न आला.

“सोताच्या हातानं खरडा म्हनाव.”

त्यांनी पॉलिश पेपर दिला. पट्टीच्या पाठीमागचा आणि चौकटीवरचा, पट्टी टेकते तेवढ्या जागेचा रंग मी खरडून काढला. खाली लोखंड चमकू लागेपर्यंत त्यांनी मला थांबू दिले नाही. बोल्ट आवळला गेला, वायपर पुन्हा धावले, या वेळी जाड तारेशिवाय. नवी मोटर त्यांनी बाकाखालून काढून डब्यासकट परत केली. “बिचारीले उगीच आनलं. घेऊन जा, दुकानदार वापस घेईन.”

रविवारी लोणारला जाणार हे मी त्यांना सांगितले होते; त्या सकाळी दुकानासमोरून निघाले तेव्हा ते दारात उभे होते. चिखलीला बहिणीकडे जायचे होते म्हणे. दादाने एकटी ये म्हटले होते, हे मी त्यांना सांगितले. “मंग चिखलीच्या पुढं एकट्या जा,” ते म्हणाले. “खटल्याचा निकाल काई बंद खोलीत लागत नाही.” वाटभर ते माझ्या गिअरकडे पाहून न पाहिल्यासारखे करत होते. चिखलीला उतरताना एवढेच म्हणाले, “दुसरा गिअर जरा लवकर टाकत जा. तब्येत बरी राह्यते त्याची.”

मेहकरच्या अलीकडे पाऊस कोसळू लागला. समोरून आलेल्या ट्रकने काळ्या चिखलाची अख्खी चादर काचेवर फेकली आणि जग नाहीसे झाले. माझे हात स्टीअरिंगवर आवळले गेले. मग वायपर एकदा गेले आणि रस्ता दिसला. परत आले आणि बाभळी दिसल्या. तिसऱ्या वेळी मी गात होते. काय गात होते ते मला आठवत नाही. शाळा सोडल्यापासून मी मोठ्याने गायले नव्हते.

लोणारला दादा ओसरीवर छत्री घेऊन उभा होता. तो जीपमध्ये बसला, बटण दाबले आणि बराच वेळ पाहत राहिला. “बाबांच्या वेळी हे एवढे चालत नव्हते गं,” तो म्हणाला. मग त्याने मेहकरच्या माणसाला फोन लावला आणि येऊ नको म्हणून सांगितले.

मीही फोन केला, चिखलीला. “गाडी माझी झाली,” मी म्हणाले. पलीकडे बहिणीच्या घरातली भांडी वाजत होती. “चांगलं झालं,” ते म्हणाले. “आता फोन ठेवा अन् जेवून घ्या.”

त्यानंतर तीन पावसाळे मी त्यांच्याकडे जात राहिले, कधी कामासाठी, अनेकदा कामाशिवाय. चौथ्या वर्षी उन्हाळ्यात दुकान बंद दिसले. टपरीवाल्याने सांगितले, छातीचे दुखणे वाढले म्हणून मुलीने अकोल्याला नेले. मी पत्ता घेतला आणि एका रविवारी जीप काढली. घाट उतरून एवढ्या दूर मी प्रथमच गेले. त्याच उन्हाळ्यात, महिन्याभराने, ते गेले.

पण त्या दिवशी ते अंगणात, कडुनिंबाखाली खाटेवर बसले होते. फार वाळले होते आणि फार कमी बोलत होते. जीपकडे त्यांनी बराच वेळ पाहिले. मग मुलीला म्हणाले, “काचीवर पानी टाक.”

“बाबा, ऊन केवढं हाय. कायले?”

“टाक नं माय.”

ती बादली घेऊन आली आणि तांब्याने काचेवर पाणी ओतू लागली. मी आत बसून बटण दाबले. अकोल्याच्या त्या रखरखीत दुपारी, आकाशात ढगाचा ठिपका नसताना, वायपर चालू लागले. शेजारची माणसे कुंपणापाशी जमली. मुलगी ओततच होती, तांब्यामागून तांब्या. स्वच्छ होत जाणाऱ्या काचेतून मला ते दिसत होते. मांडीवर ठेवलेल्या त्यांच्या हाताचे एक बोट वायपरच्या तालावर इकडून तिकडे, तिकडून इकडे जात होते, आणि बादली रिकामी होत आली तेव्हा त्यांनी, माझ्याकडे न पाहता, मुलीला खुणेने सांगितले की आणखी आण.