एका वाडीचं गाव ठरवायला गेलो तेव्हा

भोर संस्थान विलीन होऊन काही वर्षं झाली होती आणि खेडोपाडी ग्रामपंचायती बसवायचं काम जोरात चाललं होतं. स्वतःची पंचायत पेलणार नाही, अशा लहान वाड्या शेजारच्या गावाला जोडायच्या. माझे यजमान महसूल खात्यात. वेल्ह्याच्या डोंगरातली एक धनगरवाडी कुठल्या गावात घालायची, ते ठरवायला हे निघाले, तर मीही हट्टाने निघाले. लग्न नवं होतं आणि तोरणा मी लांबूनच पाहिला होता.

भोरहून एस.टी.ने कापूरहोळला उतरलो. तिथे भजी गरमागरम मिळाली, पुढची गाडी मात्र मिळेना. शेवटी किराणामालाच्या ट्रकमध्ये गुळाच्या ढेपांवर बसून वेल्हे गाठलं. आता तुम्हाला थेट गाडी मिळेल, पण अंगाला गुळाचा वास यायचा नाही.

वाडीच्या खालच्या गावात पाटलांकडे मुक्काम केला. सकाळी पाटलीणबाईंनी माझी ओटी भरली. "आता तुमी आमच्या लेक. सायबास्नी सांगा, वाडी आमच्यातच घाला. तिचं गायरान आमाला लागतंय." कामाच्या गावी चहासुद्धा न पिणाऱ्या माझ्या नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण भरलेली ओटी परत कशी करणार?

वाडीपर्यंतच्या चढाने माझा दम काढला. पाणी भरपूर घेऊन जा. वर सखूबाई म्हणून वाडीतल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या बाई होत्या. त्यांनी घट्ट दही दिलं आणि त्यांनीही ओटी भरली, नारळ नव्हता म्हणून नुसत्या नाचणीने. मग यांच्याकडे वळल्या.

"सायेब, खालच्या गावात घातलं तर गायरान त्येंचं. आमची मेंढरं दिसली की दगडं मारत्यात. आमी चारायची कुठं? आमाला पल्याडच्या गावात घाला. त्येंच्या शेतात आमची मेंढरं बसत्यात, खत व्हतं, खळ्यावर धान देत्यात."

"ते गाव लांब पडतं, आजी."

"लांब हाय, पन बोलवून नेत्यात की!"

 उतरताना हे म्हणाले, "म्हातारीचं बरोबर आहे. पण तिने ओटी भरून तुला लेक केलं. आता तसा निकाल दिला, तर लोक म्हणतील, जावयाने सासुरवाडीची बाजू घेतली."

मला रागच आला. माझ्या ओटीपायी त्या माणसांचं चराऊ रान जायचं?

"आणि पाटलीणबाईंनी भरली ती? तुम्ही दोन्हीकडचे जावई. झाली फिटंफाट! आता खरं असेल ते लिहा."

हे इतके हसले, की वाळक्या गवतावरून घसरले. वाडी पल्याडच्या गावात गेली.

तोरण्याचा कडा अजून डोळ्यांपुढे येतो. पण आम्ही भोरला परतल्यावर एका बाजाराच्या दिवशी सखूबाई दारात उभ्या राहिल्या, ते जास्त आठवतं.

"निकालाचे आभार मानायला आलात होय?" यांनी विचारलं.

"त्ये कशाला? लेकीला न्यायला आलीया. चार दिस ऱ्हाईल की माहेरी."

माझी आई मी लहान असतानाच गेली. लग्न झाल्यापासून मला न्यायला कुणीच आलं नव्हतं. यांना न विचारताच मी आत जाऊन लुगडी बांधायला घेतली.