म्हाताऱ्याचा वाटा

शनिवारचा ग्रुप संपला की खुर्च्या मी उचलते. खुर्च्यांखाली दर वेळी काहीतरी राहिलेलं असतं. रुमाल, गाडीची चावी, एकदा तर अख्खं हेल्मेट! वस्तू लोक पुढच्या शनिवारी येऊन घेऊन जातात. किस्से मात्र कुणी परत नेत नाही. ते माझ्याकडे साठत गेलेत, आणि आता थोडे तुमच्याकडे दिल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

जागा म्हणजे निगडी प्राधिकरणातल्या एका दवाखान्याच्या वरची खोली. माणसं मोजकीच. सगळ्यांना उदासीसाठी गोळ्या चालू, आणि सगळ्यांना दारूची सवय. मी परदेशात मानसशास्त्र शिकले आणि परत आले, ते इथेच काम करायचं असं ठरवून. गोळ्या द्यायचं काम डॉक्टरांचं, बोलायचं काम माझं. आणि मी फार बोलते!

*

वाकडचा प्रसाद, आयटीवाला. डॉक्टरांकडे आला तो कशातच मन लागत नाही म्हणून. बिअरबद्दल पहिल्यांदा तो चकार शब्द बोलला नव्हता. गोळ्या सुरू होऊन दोनेक महिने झाले, आणि एका शुक्रवारी संध्याकाळी तो फ्रिज उघडून नुसता उभा राहिला.

बायको म्हणाली, "अरे, काय शोधतोयस? सगळा गारवा बाहेर चाललाय."

"काहीतरी हवं होतं गं. काय ते आठवत नाहीये."

समोर बिअरचे पाच कॅन होते!

ग्रुपमध्ये हे सांगताना तो हसत होता, पण तळवे एकमेकांवर चोळत होता. "ताई, रूममेट न सांगता फ्लॅट सोडून गेल्यासारखं वाटतं. बरं झालं, गेला. पण त्याच्या चपला अजून दारातच आहेत. मग तो गेला कसा?"

*

मला मात्र आनंद झाला. मी लगेच एक रंगीत पोस्टर बनवलं आणि भिंतीवर चिकटवलं : 'मन सावरा, तलफ आपोआप जाईल!'

डॉक्टर वर आले, चष्मा लावून त्यांनी ते वाचलं आणि हलक्या हाताने काढून घेतलं.

"ही उदासीची गोळी आहे, दारूची नाही. कुणाची तलफ कमी होते, कुणाची आहे तशीच राहते, एखाद्याची वाढतेसुद्धा. भिंतीवर वचन कसलं देता?"

"पण सर, प्रसादची तर गेली!"

डॉक्टरांनी पोस्टरची व्यवस्थित घडी घातली. "गेली ना? मग कुठे गेली तेवढं कळलं की मला सांगा."

*

सलीमचाचांचं चिंचवडला टू-व्हीलरचं गॅरेज आहे. बायको गेल्यापासून ते गप्प झाले आणि चोरून प्यायला लागले. गोळ्यांनी त्यांची तलफ गेली, पण घरी जाताना गाडी बरोबर दारूच्या दुकानासमोर येऊन थांबायची. दुकानदार पेपरात गुंडाळलेली बाटली पुढे करायचा.

"नको रे."

"चाचा, मग आलात कशाला?"

"मी कुठे आलो? गाडी आली!"

चाचा पडले मेकॅनिक. दुसऱ्या दिवशी त्यांनी हँडल, फोर्क, दोन्ही चाकं, सगळं तपासलं. अलाइनमेंट एकदम सरळ. संध्याकाळी गाडी पुन्हा दुकानासमोर! शेवटी त्यांनी गाडी गॅरेजात कुलूपबंद केली आणि बसने घरी गेले.

"मग सुटलात की!" प्रसाद म्हणाला.

"कसला सुटलो बेटा? सकाळी शटर वर केलं. गाडी आतल्या आत तोंड फिरवून उभी होती. दुकानाच्या दिशेला."

*

आता दत्ताभाऊ. चाकणजवळच्या जुन्या गावातले, पन्नाशीला आलेले, एका कंपनीत मशीन ऑपरेटर. त्यांच्या गेटवर शिफ्टला जाताना दारू पकडणाऱ्या मशीनमध्ये फुंकावं लागतं. दत्ताभाऊ दोनदा सापडले होते. तिसऱ्यांदा सापडले तर नोकरी जाणार, आणि मुलगी बारावीला. गोळ्या सुरू झाल्या आणि काही आठवड्यांनी त्यांची तलफ उतरली. त्यांनी हात जोडून सांगितलं म्हणून मी कंपनीला पत्र लिहिलं : 'दत्तात्रय उपचार घेत आहेत. ते पिणार नाहीत. त्यांच्यासोबत जे काही असेल त्याची जबाबदारी माझी.' खाली ठळक सही. डॉक्टरांना विचारलं नाही. ते नको म्हणाले असते. पत्राची एक प्रत गेटवरच्या पॅडला लागली.

प्यायला बसल्यावर पहिल्या घोटाआधी ग्लासात बोट बुडवून चार थेंब जमिनीवर शिंपडायचे, ही रीत तुम्ही पाहिली असेल. गेलेल्यांचा वाटा. दत्ताभाऊंचे वडील पिऊन पिऊनच गेले होते. तेव्हापासून पहिला वाटा त्यांचा. दत्ताभाऊंची तलफ गेली, पण बोट राहिलं! ताक असो, पाणी असो, बोट बुडायचंच. एकदा ग्रुपमध्ये चहाचे थेंब थेट माझ्या वहीवर.

"दत्ताभाऊ, हे काय?"

"म्हाताऱ्याचा वाटा, ताई."

चाचांनी विचारलं, "मग वडील आता चहा पितात का?"

"पित न्हाईत," दत्ताभाऊ म्हणाले. "रागावत्यात."

सगळे हसले. मी हसले नाही. मला ती सवय मुळापासून उपटायची होती. "दत्ताभाऊ, हीच शेवटची दोरी आहे. तोडा! आजपासून बोट बंद!"

"वाटा बंद केला तर म्हातारं सोता येईल की मागायला."

"येऊ द्या! माझ्याकडे पाठवा!"

दत्ताभाऊंनी ओलं बोट पँटला पुसलं. मग म्हणाले, "बरं."

*

आठवड्याने त्यांच्या पत्नी, सुरेखावहिनी, एकट्याच आल्या. दत्ताभाऊ पूर्वी ज्या फरशीवर प्यायला बसायचे, ती फरशी रोज संध्याकाळी सात वाजता ओली होते, म्हणाल्या. आणि दारूचा वास येतो.

"ह्ये चोरून पित्यात म्हणून म्या सगळं धुंडाळलं. टाकी, गाडीची डिकी, तांदळाचा डबा. काय न्हाई. आन् त्या टायमाला ह्ये माझ्याम्होरं बसून मेथी निवडत असत्यात!"

मला हुरूप आला. मी फळ्यावर मेंदू काढला. वासाची जागा इथे, आठवणीची जागा तिच्या शेजारी. कधीकधी आठवणीलाच वास येतो, वगैरे. वहिनींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग पिशवीतून गाठ मारलेली एक प्लॅस्टिकची थैली काढली. आत फरशी पुसायचं फडकं होतं. त्यांनी ते माझ्या टेबलावरच्या कपात पिळलं.

"ताई, आठवण पिळल्यावर पाणी निघतं व्हय?"

मी कप नाकाशी नेला. मग उठून खिडकी उघडली.

*

दत्ताभाऊंना विचारलं, तर त्यांनी मुलीची शपथ घेतली. तरी माझ्या मनात पाल चुकचुकली. पत्रावर सही माझी होती. सोमवारी पहिल्या शिफ्टला मीच चाकणला गेले. लख्ख उजाडलेलं होतं. गेटवर नवीन गार्ड होता, लातूरकडचा, दत्ताभाऊंना न ओळखणारा. रांगेत शेवटचे दत्ताभाऊ आणि त्यांच्यामागे मी. वाटेत त्यांनी टपरीवर चहा घेतला होता, आणि बोट बुडवलं नव्हतं. मी नीट पाहिलं होतं.

त्यांनी फुंकलं. हिरवा दिवा.

"शून्य! जावा भाऊ," गार्ड म्हणाला.

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पण गार्डने मशीन खाली घेतलं नाही. नळी बदलली आणि मशीन दत्ताभाऊंच्या आणि माझ्या मधोमध धरलं.

"बाबा, तुमी बी फुंका. आज कुणालाच सूट नाही."

आमच्यामध्ये हातभर अंतर होतं. त्यात काहीही नव्हतं.

मशीन वाजलं. लाल दिवा.

गार्ड नाकासमोर हात हलवत एक पाऊल मागे सरला. "लईच झालीय की ओ बाबांना! ह्यांना आत सोडता येत नसतंय."

दत्ताभाऊंनी मागे वळून पाहिलं नाही. कार्ड लावलं. "नगा सोडू," एवढंच म्हणाले आणि आत गेले. त्यांच्यामागे फाटक बंद झालं.

गार्डने पॅड उचललं. त्याला लावलेलं पत्र त्याने ओळीवर बोट ठेवत वाचलं. आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या शेजारी, जरा वर.

"मॅडम, ही सही तुमचीच ना? मग बाबांना तुमीच घेऊन जावा."