दोन नंबर मोठ्या चपला

बायकोचे पाय सुजले, म्हणून मी तिला दोन नंबर मोठ्या चपला आणल्या.

ब्रह्मपुरीच्या बाजारातून आणल्या. मऊ सोल, निळा पट्टा. कुंदाला आठवा महिना लागला होता आणि जुन्या चपलांत तिचा पाय शिरत नव्हता. नवरा असावा तर असा, हे चौकात चार जणांना मी स्वतःच सांगून आलो.

मग तिचं डोकं दुखायला लागलं. मी बाम आणला. मग एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "मले धुंदलं दिसून राह्यलं." मी वायरमन माणूस. उठलो, स्वयंपाकघरातला बल्ब काढून मोठा लावला आणि विचारलं, "आता?"

ती भाजी डोळ्यांजवळ नेऊन निवडत राहिली.

त्याच आठवड्यात तिची तपासणी होती. आरोग्य केंद्राच्या आशाताई घरी येऊन सांगून गेल्या होत्या. पण उन्हाळी धानाला पाणी देणाऱ्या मोटारी एकामागून एक जळत होत्या, मला सवड नव्हती. मी म्हणालो, "एवढे पाय घेऊन कुठी चालशीन तू? पुढच्या हप्त्यात गाडीवर नेतो." मोठ्या मायेने म्हणालो होतो, हे पण लिहून ठेवतो.

दोन दिवसांनी सकाळी कुंदा अंगणात कोसळली. हातपाय ताठ, दातखीळ, तोंडाला फेस. माझी माय ओरडली, "मिरगी आली! चप्पल हुंगव तिले!" हाताशी नव्या चपलाच होत्या. मी बायकोच्या नाकाला चप्पल लावून बसलो. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत लावून बसलो.

ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरबाईंनी बीपी मोजला, इंजेक्शन भरायला सांगितलं आणि माझ्याकडे वळल्या.

"ही मिरगी नाही. एक्लॅम्पसिया आहे."

गरोदरपणात काही बायकांचा बीपी फार वाढतो, लघवीतून प्रोटीन जायला लागतं. त्याला प्री-एक्लॅम्पसिया म्हणतात. पायांवर, तोंडावर सूज येते, डोकं ठणकतं, डोळ्यांपुढे अंधारतं. तेव्हाही लक्ष दिलं नाही तर झटके येऊ शकतात, तो एक्लॅम्पसिया. बाई हे सांगत होत्या आणि मला एकेक वस्तू आठवत होती. चपला, बाम, बल्ब.

"त्रास आधीपासून होता ना? काय केलं मग?" त्यांनी विचारलं.

मी हातातल्या चपला वर केल्या. त्या हसल्या नाहीत.

"मॅग्नेशियम सल्फेट दिलंय. त्याने झटके थांबतील. पण बाळ काढल्याशिवाय धोका टळणार नाही. गडचिरोलीला न्या, लगेच. दोघांचीही खात्री मी आता देऊ शकत नाही."

व्होल्टेज वाढलं की मोटार आधी गरम होते, वास सोडते, मग जळते. वास आला की बंद करा, असं मी शेतकऱ्यांवर रोज ओरडत असतो.

वैनगंगेचा पूल केव्हा गेला, कळलं नाही. गडचिरोलीला कुंदाला आत नेलं तेव्हा नर्स म्हणाली, "चपला बाहेर ठेवा." मी माझ्या काढल्या, आणि शेजारी कुंदाच्याही ठेवल्या. ती स्ट्रेचरवरून अनवाणीच गेली होती.

बाकावर बसलो. रडू आलं नाही. वरचा पंखा हळू फिरत होता. कंडेन्सर गेला असणार, एवढंच डोक्यात येत राहिलं. आत माझी बायको होती आणि मी मनातल्या मनात पंखा उतरवत होतो.

शेजारी सोमा नावाचा माणूस होता, आलापल्लीच्या पलीकडच्या जंगलातल्या गावचा. त्याची बायको घरीच बाळंत झाली आणि रक्त थांबेना. नाल्यापर्यंत खाटेवर आणली, पुढे गाडीने. अशा रक्तस्रावाला डॉक्टर पीपीएच म्हणतात. बाळंतपणानंतर गर्भाची पिशवी आकसत नाही, रक्त वाहतच राहतं.

गप्प बसणं मला जमत नाही. मी त्याला विचारलं, "तुमच्याकडे लाईट राह्यते का?"

तो म्हणाला, "राह्यते. जाते."

मग आतून एक डॉक्टर आले, त्याच्यासमोर खाली बसले. "रक्त देत राहिलो, भाऊ. पण येईपर्यंतच फार गेलं होतं. नाही वाचवू शकलो."

सोमा म्हणाला, "लेकरू?"

"लेकरू बरं आहे."

त्याने मान हलवली आणि उठला. दाराशी कुंदाची एक चप्पल कोणाच्या तरी पायाने उलटी झाली होती. तो वाकला, ती सुलटी केली, दुसरीच्या बाजूला नीट ठेवली आणि आत गेला. तो मला परत दिसला नाही.

कुंदाचं सिझर झालं. मुलगी झाली, ओंजळीएवढी, तिला काचेच्या पेटीत ठेवलं. कुंदा तिसऱ्या दिवशी डोळे उघडून बोलली. ज्यांनी तिला उठवलं त्यांची नावंसुद्धा मी विचारली नाहीत. त्या सगळ्यांना इथूनच हात जोडतो.

पोरगी पेटीबाहेर आल्यावर सुट्टी देताना डॉक्टरांनी बजावलं, "बाळंतपणानंतरही झटका येऊ शकतो. गोळ्या बंद करायच्या नाहीत, बीपी मोजत राहायचा." तुमच्या घरात कोणी पोटुशी असेल आणि तिला अंधुक दिसत असेल, तर बल्बला हात लावू नका. तिला घेऊन निघा, तपासणीची तारीख असो की नसो.

निघताना मी कुंदासमोर चपला ठेवल्या. सूज उतरली होती. तिने पाय घातले, दोन पावलं टाकली. चपला फटक फटक मागे राहू लागल्या. ती थांबली, पोरीला छातीशी धरून माझ्याकडे पाहिलं.

"पाय सुजले त चपला आणल्या, दिसे नाई त बल्ब आणला. मेली असती त काय आणलं असतं तुमी?"