लाडावलेला अडुळसा

लोखंडाची घासून चकचकीत केलेली पट्टी ॲसिडात सोडली की बुडबुडे येतात. बुडबुडे जितके जास्त, तितकं लोखंड खाल्लं जातंय असं समजायचं. नांदेडच्या प्रयोगशाळेत, त्या दुष्काळी उन्हाळ्यात, माझ्या भांड्यात नुसते बुडबुडे उसळत होते. शेजारच्या भांड्यात माझ्याबरोबरच्या उदगीरवालीची पट्टी दुपारी जेवून आडव्या झालेल्या पाहुण्यासारखी निवांत पडली होती. माझा असा जळफळाट झाला की ते भांडं उचलून मोरीत ओतावंसं वाटलं!

दोघींच्या ॲसिडात अडुळशाच्या पानांचा अर्क होता. साखर कारखान्यातल्या नळ्या आतून ॲसिडनं धुतात. ॲसिड चिकटलेली घाण काढतं, पण जाता जाता नळीही खातं. झाडपाल्याचा अर्क मिसळला तर तो लोखंडाला धरून बसतो आणि नळी वाचते. आमच्या सरांचं सगळं संशोधन यावरच चाललेलं. त्यांच्याकडे पीएचडीची एकच जागा उरली होती आणि मागणाऱ्या आम्ही दोघी. सरांनी सरळ सांगितलं, "अडुळसा आपापल्या घरून आणा. जिची पट्टी जास्त वाचेल, तिची जागा."

मी लातूरची. मला वाटलं, झालं, जागा माझीच. आमच्या अंगणात अडुळशाचं झुडूप होतं, हिरवंगार, पानं तळहाताहून लांब. आणि तिची पानं? हॉस्टेलच्या खोलीत तिनं पिशवी उघडली तेव्हा मला हसूच आलं. बारकी, पिवळट, कडा जळालेल्या. "बांधावरचं झाड हाय गं," ती म्हणाली. "माणसाला प्यायला न्हाई, त्याला कोण पाणी घालणार? लई करपून राहिलंय." मी वरवर हळहळले. आतून मात्र उकळ्या फुटत होत्या.

तशी ती मला पहिल्यापासूनच सहन होत नसे. तिचे केस लांब, तिचं अक्षर मोत्यासारखं, सर तिला 'बेटा' म्हणत आणि मला 'अहो मॅडम'. त्यात उदगीर वेगळा जिल्हा व्हावा म्हणून तिकडे मोर्चे निघत होते, त्याचाही तिला कोण अभिमान! "आमचा जिल्हा झाला की तुमच्या लातूरला विचारतंय कोण," असं चिडवायची. आमच्या गावाला रेल्वेनं पाणी आणावं लागत होतं आणि ही बया आमचा जिल्हाही तोडून न्यायला निघालेली.

पट्ट्या बाहेर काढल्या, धुतल्या, वाळवल्या, काट्यावर ठेवल्या. माझी खरबरीत, खड्डे पडलेली. तिच्या पट्टीत अजून तोंड दिसत होतं. मी तडक सरांकडे गेले आणि म्हणाले, "सर, हिनं अर्कात दुसरं काहीतरी घातलंय." ती तिथेच उभी होती. तिचे डोळे भरून आले, पण मला कणव आली नाही. सर चिडले नाहीत. म्हणाले, "पानं बदला. तिची तुम्ही घ्या, तुमची तिला द्या."

पुन्हा पानं सावलीत वाळवली, कुटली, उकळली, गाळली. मी मनातल्या मनात देवाला साकडं घातलं. ह्या वेळी माझ्या हातची पट्टी आरशासारखी निघाली आणि तिची खरबरीत. म्हणजे दोष हातात नव्हता, पानातच होता. सर म्हणाले, "झाड तहानलं की स्वतःला वाचवायला पानात कडू द्रव्य साठवतं. तेच लोखंडाला धरून बसतं. तुमच्या झाडाला कुणी पाणी घालतं का?"

मी म्हटलं, "हो सर, रोज."

"मग ते लाडावलंय," ते म्हणाले, आणि जागा तिला मिळाली. तिनं हॉस्टेलभर पेढे वाटले. माझ्या हातावर ठेवलेला पेढा मी चिमण्यांना टाकला. दुष्काळ साऱ्या मराठवाड्यात पडला, पण मेला कामाला आला तो तिच्याच बांधावरचा! एसटीत बसले तरी हेच डोक्यात घोळत होतं.

घरी पोचले तर आई अंगणात ओणवी. परातीत उभं राहून अंघोळ करायची, ते पाणी तांब्या तांब्यानं अडुळशाला घालायचं, असा तिचा त्या उन्हाळ्यातला नेम. साबणाचं पाणी झाडाला लागू नये म्हणून, मी पानं मागितल्यापासून ती डोक्यावरून न्हालीच नव्हती. केसांच्या जटा झाल्या होत्या, पदराखाली झाकून घ्यायची. मला बघून ती केवढी हरखली.

"आलीस? बघ तुझं झाड. गल्लीत सगळ्यांचं वाळलं, आपल्याला नवा फुटवा आलाय. वरच्या आळीतली मागायला आली होती खोकल्यासाठी, एक पान दिलं न्हाई मी. म्हटलं, लेकीच्या शिक्षणाचं हाय."

उदगीरवालीच्या त्या उघड्या बांधाचा मला तेव्हा जेवढा हेवा वाटला, तेवढा आयुष्यात कशाचाच वाटला नाही. तिथं झाडाला पाणी घालायला कुणी नव्हतं.

"अजून लागतील का गं पानं?" आईनं विचारलं.

"लागतील," मी म्हटलं.

तिनं परात तिरकी केली आणि तळाचं उरलेलं पाणीही बुंध्याशी ओतलं.