भोजन समितीचा पाठ

"तुझी आई कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या करते ना? मग तू भोजन समितीत." मॅडम भर वर्गात म्हणाल्या. वर सगळ्यांकडे बघून हसल्या. "सवयीचा हात लागतो बाई त्याला."

वर्ग हसला. मी हसले नाही.

बी.एड.चं शेवटचं वर्ष. वार्षिक पाठ आले होते. वार्षिक पाठ म्हणजे परीक्षाच. शाळेतल्या खऱ्या पोरांपुढे उभं राहून शिकवायचं. मागच्या बाकावर बाहेरून आलेले दोन परीक्षक. ते ठरवणार, ही बाई मास्तरीण व्हायच्या लायकीची आहे की नाही. त्या एका तासासाठी, फी भरायला, मी चाकणच्या कंपनीत वायरी जोडायच्या लाइनवर उभी राहिले होते. शिफ्ट सुटली की कंपनीच्या बसमध्ये पुस्तक उघडायचं, शेजारची पेंगत माझ्या खांद्यावर. आमच्या घरात माझ्या आधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. मला तो तास हवा होता. पूर्ण.

पण परीक्षक यायचे म्हणजे जेवण आलं. कॉलेजची तशी रीतच. ज्यांचे वडील साहेब, ज्या गाडीतून उतरतात, त्या मुली स्वागत समितीत. पैठणी, गजरा, गुलाबाचं फूल. ज्यांच्या आया लाटतात, पुसतात, झाडतात, त्या भोजन समितीत. आणि भोजन समितीचे पाठ जेवणानंतर. सकाळी परीक्षक ताजे असतात, शेरे लिहितात. दुपारी पोटात श्रीखंड असतं. दुपारचे पाठ ते अर्ध्यात सोडून उठतात, हे दर वर्षीच्या मुलींना माहीत. मॅडमना तर माहीत होतंच.

याच मॅडमनी आम्हाला 'शिक्षणातील समान संधी' शिकवलं. पडद्यावर रंगीत चित्रं दाखवली. डोळे ओले करून शिकवलं.

घरी सांगितलं तर आई लाटणं हातातच धरून वळली. कँटीनमधून येऊन पुन्हा घरचं लाटत होती. "तू तिथं शिकवायला चाललीस का रांधायला?"

"दोन्ही," मी म्हणाले.

"दोन्ही म्हणं! माझ्या हाताला हाय तेवढी सवय बास हाय आपल्या घराला."

माझा विषय भूगोल. पाठ समोच्च रेषांचा. सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा. नकाशात डोंगर त्यांच्यावरून ओळखतात. बटाटा चिरून शिकवणार होते. एकावर एक काप, प्रत्येक काप कागदावर गिरवायचा, की रेषा तयार. वडील चाकणच्या मार्केटात हमाल. त्यांनी ढिगाऱ्यातून एक हेरून आणला. वेडावाकडा, दोन टोकांचा. "हे बघ, थेट डोंगूरच हाय," म्हणाले. माझ्या शिक्षणात त्यांनी उचलून हातात दिलेली ती एकच वस्तू. कारण बाकीचं त्यांना कळत नव्हतं.

पाठाच्या दिवशी आम्ही सकाळपासून शाळेच्या खिचडी शिजवायच्या शेडमध्ये. बटाटा माझ्या पिशवीत, पिशवी खिळ्याला. मी पीठ मळून हात धुऊन आले तर पिशवी सपाट.

"अगं, भाजी कमी पडेल वाटलं," मॅडम म्हणाल्या. "चिरायला दिला मी. बटाटाच तर होता."

एवढ्या शिकलेल्या बाई. 'शैक्षणिक साहित्य' या विषयावर तासन् तास बोलणाऱ्या. पैठणीवाल्या मुलीचा थर्माकोलचा ज्वालामुखी त्यांनी स्वतः उचलून वर्गात नेऊन ठेवला होता. माझा डोंगर फोडणीत घातला.

मग पंगत. मॅडम परीक्षकांतल्या मोठ्या सरांच्या मागे उभ्या. "सर, घ्या ना अजून, गरम आहे." बोट माझ्याकडे. मी वाढलं. सर मान वर न करता ताट पुढे करायचे.

माझा तास आला. बटाटा नाही. मी टेबलावर मूठ आवळून ठेवली आणि पोरांना जवळ बोलावलं. मार्करने मुठीच्या वरच्या दोन हाडांभोवती गोल काढले, त्याखाली मोठे, त्याखाली आणखी मोठे. हाताला फोडणीचा वास येत होता. मग पंजा उघडून सपाट केला. डोंगर गेला, नकाशा राहिला. पोरं माझ्या हातावर वाकली. "मॅडम, दोन डोंगर!" एका मुलीने बोट ठेवलं. "इथं रेषा एवढ्या चिकटून का?"

याच प्रश्नासाठी तर पाठ असतो.

मी तोंड उघडलं आणि मागे बाक सरकला. "बास, बास. समजलं आम्हाला," सर उठत म्हणाले. दुसरे परीक्षक आधीच दारात. सर जाता जाता माझ्याकडे बघून म्हणाले, "भाजी झकास झाली होती हं. बटाटा कसला मुरला होता!"

दिवसभरात माझ्याबद्दल बोललेलं तेवढंच. माझा पाठ खाऊन ढेकर दिला आणि पाठ बघितला नाही.

"सर, बसा," मी म्हणाले. "पाठ संपला नाही."

मॅडम धावल्या. "अगं, कुणाशी बोलतेस?"

"ज्यांनी मार्क द्यायचेत त्यांच्याशी." आवाज माझाच होता. "सर, तुमचं ताट मी अर्ध्यातून उचललं नाही. माझा पाठही अर्ध्यातून उचलू देणार नाही."

पोरं वळून सरांकडे बघायला लागली. सर बसले. लाज वाटून नाही, पोरांसमोर अडकले म्हणून. दुसरे निघून गेले. सर मोबाइल बघत राहिले, मान वर केली नाही. मी त्यांच्याकडे पाठ केली आणि त्या मुलीला सांगितलं, जिथं रेषा चिकटून, तिथं चढ खडा. घंटा होईपर्यंत शिकवलं.

मार्क कमी आले. काठावर पास. मॅडम म्हणाल्या, "स्वभावाने स्वतःचं नुकसान केलंस." मी म्हणाले, "मी नाही केलं, मॅडम. तुम्ही केलंत. नीट आठवा."

आता मी पुनावळ्यातल्या एका शाळेत शिकवते. यंदा त्याच कॉलेजचे वार्षिक पाठ आमच्या शाळेत आहेत. मोठ्या बाईंनी सांगितलं, "तुमचा वर्ग पाठांना द्या. आणि तुम्ही त्यांच्यातल्याच, तर जेवणाचंही बघा."

मी सांगितलं, जेवणाचं बघणार नाही. वर्ग देईन. पण सकाळचे तास भोजन समितीच्या मुलींना. ते जमत नसेल तर माझा वर्ग मिळणार नाही, मेमो द्या, नोकरी घ्या. परीक्षकांना भूक लागत असेल तर घरून खाऊन यावं. माझ्या वर्गात मागच्या बाकावर जो बसेल, तो घंटा झाल्याशिवाय उठणार नाही. दारात मी उभी असेन.