घोड्याच्या घरातलं प्यादं

बुद्धिबळ मी चांगलं खेळायचे. 'यायचं आपलं थोडंफार' असली नम्रता मला जमत नाही. बाराव्या वर्षी रत्नागिरीच्या बंदरावर मला हरवणारा एकच माणूस होता आणि तो माझा बाप. पावसाळ्यात मासेमारी बंद असायची. होड्या वर ओढून नारळाच्या झापांनी शाकारलेल्या, आणि त्यांच्या आडोशाला होड्यांचे म्होरके तांडेल, खलाशी सगळे पट मांडून बसलेले. आमच्या पटातला एक उंट हरवला होता, त्याच्या जागी जाळ्याचं शिसं ठेवायचे. बघता बघता तिथेच मी शिकले. आमच्याकडे बापाला अरे-तुरेच करतात, त्यामुळे "बाबा, हरलास तू!" असं चारचौघांत ओरडायची मला भारी हौस होती. ती काही पुरी होत नव्हती.

एकोणीसशे ऐंशीनंतरची ही गोष्ट. शाळेतल्या बाईंनी माझं नाव जिल्ह्याच्या स्पर्धेत घातलं. पहिला येईल त्याला पुढच्या स्पर्धेसाठी कोल्हापूरला पाठवणार होते. मी तोवर लांज्याच्या पलीकडे गेले नव्हते. कोल्हापूरला जायचंच, असं मी ठरवून टाकलं, आणि बाबाने तर ते बंदरभर सांगूनही टाकलं. बाईंनी बजावलं, "तिथले नियम वेगळे असतात गं. प्यादं पहिल्यांदा दोन घरं जाऊ शकतं. आणि तुमच्याकडे राजा अडीच घरं उडी मारतो ना, ते नाही चालायचं, तिथे किल्लेकोट करतात." एवढं मी घोकून घोकून पाठ केलं.

शेवटच्या फेरीत माझ्यासमोर एक लांज्याचा मुलगा आला. नववीतला, नुकतं मिसरूड फुटलेला. त्याचा मामा त्याला पुस्तकं आणून शिकवायचा, असं सगळे दबकून सांगत होते. तो माझ्यापेक्षा अर्ध्या गुणाने पुढे होता. म्हणजे मी जिंकले तर मी कोल्हापूरला, नाहीतर तो.

मी त्याला नुसता झोडपला. पुस्तकं गेली उडत! एकेक करून त्याची सगळी मोहरी खाल्ली. माझीही बरीच गेली, आणि शेवटी पटावर दोन राजे आणि माझं एक प्यादं उरलं. त्याचा राजा पार पलीकडच्या कोपऱ्यात. प्यादं शेवटच्या घरापासून दोन घरांवर, त्याला अडवणारं कोणी नाही.

तेव्हा त्याने घसा खाकरून विचारलं, "बरोबरी?"

खरं सांगते, मला त्याचं कौतुक वाटलं. म्हटलं, खेळ कळतो बरं का याला. कारण माझं प्यादं होतं घोड्याच्या पट्टीत. बंदरावर आम्ही खेळायचो ते देशी बुद्धिबळ. त्यात प्यादं ज्या घरात पोचेल, त्या घराचं मोहरं होतं. हत्तीच्या घरात हत्ती, घोड्याच्या घरात घोडा. आणि नुसत्या राजा-घोड्याने मात होत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. आधीच्या एका डावात माझं प्यादं पोचलं होतं, पण ते वजिराच्या घरात, त्यामुळे वजीर झाला आणि कोणाला काही बोलायची वेळच आली नाही.

कोल्हापूर गेलं, हे मला कळलं. पण मेलेला डाव ताणत बसणाऱ्याची बंदरावर काय अब्रू काढतात ते मी बघितलं होतं. मी ताठ मानेने म्हटलं, "बरोबरी," आणि हात पुढे केला. त्याने तो असा झडप घालून धरला, की माझी बोटं दुखली.

त्याचा मामा धावत आला, पट बघून हसायलाच लागला. "अगं वेडे, वजीर का नाही केलास?"

"घोड्याच्या घरात वजीर कसा होईल?" मी विचारलं.

अख्खा हॉल हसला. पंच म्हणून एक मास्तर होते, त्यांनी समजावलं की इथे कुठल्याही घरात प्यादं पोचलं तरी हवं ते मोहरं मागता येतं. माझं डोकंच फिरलं. "मग आधी सांगायला काय झालं होतं?"

"हे कोणाला माहीत नसतं?" ते म्हणाले. कागदावर सह्या झाल्या होत्या. विषय संपला.

बाबा बाहेर व्हरांड्यात उभा होता. "बरोबरी झाली," एवढंच मी सांगितलं. बंदरावर पोचलो तर सगळे वाट बघत बसलेले. बाबाने पट ओढला. "मांड गो."

मी दोन राजे आणि प्यादं मांडलं. सगळे वाकून बघायला लागले. बाबाने बराच वेळ विचार केला, मग माझ्या पाठीवर थाप मारली. "बरोबर केलंस. घोड्याने काय होणार कप्पाळ!" बाकीच्यांनीही माना डोलावल्या. साऱ्या जिल्ह्यात मला शहाणी म्हणणारी तेवढीच माणसं होती, आणि त्यांना खरं सांगायला माझी जीभ रेटेना.

पण बाबा कसला सोडतोय. "त्या पोराचा चेहरा कसा होता?"

"खूश होता."

"नुसत्या बरोबरीवर? का?"

"बाबा, तिथे मागू ते मोहरं मिळतं. घोड्याच्या घरातसुद्धा वजीर."

एक म्हातारा तांडेल फिस्कारला, "हा काय खेळ झाला? सगळेच तांडेल झाले, तर वल्ही कोण मारणार?" सगळे खो खो हसले. बाबा हसला नाही. तो म्हणाला, "मी शिकवलं होतं हिला. माझ्यापायी गेलं हिचं कोल्हापूर." आयुष्यात कोणापुढे न वाकलेला माणूस, सगळ्यांसमोर असं बोलला. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

दुसऱ्या दिवसापासून बाबाने बंदरावर खेळणं बंद केलं. घरी माझ्यासमोर बसायचा, स्पर्धेच्या नियमांनी. पहिल्याच डावात त्याचं प्यादं नेमकं घोड्याच्या घरात पोचलं. त्याचा हात सवयीने घोड्याकडे गेला, थांबला, आणि त्याने माझ्याकडे बघितलं.

"वजीर घेऊ ना गो?"

"घे रे," मी म्हटलं.

चार-पाच खेळींत मला मात झाली. त्या हॉलमध्ये, वाटेत, बंदरावर, कुठेही मी रडले नव्हते. तेव्हा मात्र आईच्या पदराला धरून रडावं तसं बाबाच्या सदऱ्यात तोंड खुपसून भोकाड पसरलं. इतकं सोपं होतं ते!

त्याने मला पोटभर रडू दिलं. मग म्हणाला, "झालं? आता परत मांड. पुढल्या वर्षी कोल्हापूरला जायचंय."

आणि गेलेच मी.