जुलाबाच्या चहाची जर्सी

पुरिंग दिमाआनो उंचीनं चार फूट दहा इंच होती आणि बास्केटबॉल तिला अजिबात आवडत नसे. "दहा दांडगे एका टोपलीसाठी मारामारी करतात," ती म्हणायची, "आणि टोपली तळाला फाटकी." आमच्या मलाबोन गावात असं बोलणं म्हणजे पाद्र्यासमोर देवाला शिवी देण्यासारखं. इथं गल्लीगल्लीत टोपल्यांच्या फळ्या ठोकलेल्या, प्रेतयात्राही त्या चुकवून वळसा घालून जाते. पण पुरिंगला कोण बोलणार? विलाफ्लोर सार्डिन कारखान्याच्या शिवणखोलीची ती मुकादम होती, सगळ्यांची 'आते', म्हणजे ताई. तिच्या शेजारच्या मशीनवर मी, एदिथा, एकोणीसशे एकाहत्तरपासून बसत होते. कामगारांचे एप्रन आणि टोप्या शिवायच्या, मासळीचा वास घेऊन घरी जायचं. नवऱ्यांची तक्रार आणि मांजरांची चंगळ.

कंपनीचा संघ होताच. त्या काळी खेळाडू कागदोपत्री कामगार असायचे. सेनी काबिगतिंग हा आमचा कप्तान, सहा फूट चार इंच, पाम्पांगा प्रांतातला गडी. त्याची नेमणूक 'डबा-तपासनीस' म्हणून. दर शुक्रवारी यायचा, एक डबा उघडायचा, पावाबरोबर संपवायचा आणि 'उत्तम' असं लिहून सही करून जायचा. पंचाहत्तर साली पगारी खेळाडूंची लीग सुरू झाली आणि हे सोंग संपलं. आता ते उघडपणे पैसे घेऊन खेळायला लागले. डबे तपासायला मग खराखुरा तपासनीस आला आणि त्यानं पहिल्याच आठवड्यात अर्धा माल परत पाठवला.

मालक डॉन सेलेस्तिनो हा चिकट माणूस. जर्सी बाहेरून शिवून घ्यायला तो तयार नव्हता. "शिवणखोली आहे ना आपली? मग?" झालं. पुरिंग स्टुलावर चढून खेळाडूंची मापं घेऊ लागली. एका मोसमात डार्नेल नावाचा अमेरिकन आला. सहा फूट नऊ इंच. स्टुलावर चढूनही तिचा हात त्याच्या खांद्याला पोचेना. शेवटी तिनं त्याला फरशीवर आडवं झोपवलं आणि भोवतीनं खडूनं रेघ मारली. पोलीस प्रेताभोवती मारतात तशी. तो बिचारा घाबरून छताकडे बघत राहिला.

खरा ताप मात्र नावांचा होता. आमच्या लीगमध्ये संघाला गावाचं नाव नसतं, मालाचं असतं. कंपनीनं नवा माल काढला की संघाचं नाव बदललं. आधी सार्डिन होतो. मग सोया सॉस झालो. मग केळ्याचा केचप. त्या वर्षी समोरचे प्रेक्षक आमच्यावर केळी फेकायचे आणि आमचा राखीव खेळाडू ती गोळा करून घरी न्यायचा. मग फरशीचं पॉलिश झालो, आणि पहिल्याच सामन्यात सेनी घसरून थेट पंचाच्या पायात गेला. प्रत्येक बारशाला तीस जर्सींवरची कापडी अक्षरं उसवायची आणि नवी शिवायची. पुरिंगची बोटं सुजायची. "लोक बायको बदलायला लाजतात," ती म्हणायची, "हे निर्लज्ज आडनाव बदलतात."

शहाऐंशीत डॉन सेलेस्तिनो वारला आणि त्याचा मुलगा, सर चितो, गादीवर बसला. तो अमेरिकेत धंदा शिकून आला होता. म्हणजे काय शिकला ते कोणाला कळलं नाही, पण सूट छान शिवून आणला होता. पुढच्याच मार्चमध्ये, एका गुरुवारी दुपारी, आम्ही पान्सितच्या शेवया खात असताना तो स्वतः शिवणखोलीत आला. हातात चित्र.

"आते पुरिंग, शनिवारी टीव्हीवर सामना आहे. तोवर नवं नाव चढलं पाहिजे."

पुरिंगनं शेवयांचा घास गिळला आणि चित्र बघितलं. मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, GINHAWA. गिन्हावा, म्हणजे आराम.

"नाव चांगलंय," ती म्हणाली. "कशाचा आराम?"

"चहा आहे. औषधी."

"कशावर औषध?"

सर चितोनं टाय सैल केला. "पोट साफ व्हायला."

मी तोंडावर एप्रन दाबला. पुरिंग मात्र गंभीर. "सर, म्हणजे आपला संघ आता जुलाब?"

"सौम्य जुलाब," सर चितो म्हणाला आणि निघून गेला.

शुक्रवारी सकाळी सगळा संघ शिवणखोलीत. ते आत आले की खोली लहान मुलांच्या खेळण्यासारखी दिसायची. सेनी पुढं. तो आता छत्तिसाचा झाला होता, गुडघ्याला पट्टा, हा शेवटचा मोसम असं सगळे म्हणत होते.

"आते, आम्ही हे घालणार नाही."

"मग उघडे खेळा."

"आते, गंमत नको. माझी मुलगी नन्सच्या शाळेत जाते. काल पेपरात जाहिरात आली आणि वर्गातल्या पोरी तिला म्हणाल्या, तुझा बाप संडासाची जाहिरात करतो. बारा वर्षं लीगमध्ये खेळलो मी. शेवटच्या वर्षी छातीवर हे?"

"मी शिवणारी आहे. नाव ठेवणारा वर बसतो, एसीत. तिकडे जा."

"गेलो होतो. म्हणाले, नाही घातलं तर करार रद्द."

ते निघून गेले. सेनी दारातून वाकून बाहेर पडला, आणि पुरिंग बराच वेळ त्या दाराकडे बघत राहिली. मग कात्री घेतली. पहिली तीन अक्षरं तिनं मशीनवर पक्की शिवली, दुहेरी टीप. पुढची चार हातानं घालायला लागली. लांब लांब कच्चे टाके, जुन्या विरलेल्या दोऱ्याचे, गाठ न मारता.

"आते, हे काय?"

"वेळ नाही."

"अख्खा दिवस पडलाय."

"मग डोळे दुखतात माझे. तू आपलं काम कर, एदिथा."

मी माझं काम केलं. म्हणजे उरलेल्या पंधरा जर्सी घेतल्या आणि माझेही डोळे दुखायला लागले.

शनिवारी दुपारी आम्हा कामगारांना बसमध्ये कोंबून कुबावच्या कॉलिझियममध्ये नेलं. प्रत्येकाच्या हातात कागदी झेंडा, त्यावर हसऱ्या पोटाचं चित्र. संघ मैदानात आला तसं समोरच्या बाजूनं सुरू झालं. "पळा, पळा, दार उघडं ठेवा!" कोणीतरी मैदानात टॉयलेट पेपरचं भेंडोळं सोडलं. सेनीचे कान लाल. पहिल्या डावात त्याचा एकही नेम लागला नाही.

दुसऱ्या डावात डार्नेलनं उडी मारली, त्याच्या छातीवरचं शेवटचं ए सुटलं आणि पानासारखं तरंगत खाली आलं. मग आणखी कोणाचं एच पडलं. घाम आणि ओढाताण यांनी दोरे भराभर सुटले. तिसऱ्या डावापर्यंत आमच्या पाचही जणांच्या छातीवर तीनच अक्षरं उरली होती. GIN. जिन. दारू.

मग वरच्या स्वस्त तिकिटांच्या गर्दीतून एकजण ओरडला, "अरे, बाटली फुटली!" आणि सगळं सभागृह हसून कोसळलं. "एक पेग इकडे!" "काकडी कापा!" मघाशी आम्हाला शिव्या देणारे आता आमच्या नावानं ओरडत होते. पंचांनी खेळ थांबवला आणि दोन माणसं झाडू घेऊन अक्षरं गोळा करायला आली. सेनीनं आपल्या छातीकडे बघितलं, पोट धरून हसला, आणि मग जो सुटला तो सुटलाच. एकतीस गुण. आम्ही नऊनं जिंकलो.

पुरिंग माझ्या शेजारी हाताची घडी घालून बसली होती. "पडायला हवी होती ती पहिल्या मिनिटाला," ती पुटपुटली. "दोरा माझ्या अंदाजापेक्षा बरा निघाला."

सोमवारी बोलावणं आलं. मीही गेले, कारण पंधरा जर्सी माझ्या होत्या. सर चितोच्या टेबलावर लीगचं कडक पत्र होतं आणि शेजारी, आमच्या आधी येऊन पोचलेला सेनी उभा.

"मी उपटली अक्षरं," सेनी सांगत होता. "सगळ्यांची. आतेचा काही दोष नाही."

"गप रे," पुरिंग म्हणाली. "तुला सुईत दोरा तरी ओवता येतो का? सर, टाके माझे. सव्वीस वर्षांत माझ्या हातचं एक बटण तुटलेलं नाही. हे तुटलं, कारण मी तुटायलाच शिवलं होतं."

मी तोंड उघडलं, पण तिनं माझ्या पायावर पाय दिला. चार फूट दहा इंचांच्या मानानं टाच जड होती.

सर चितोचा चेहरा तांबडा झाला. तो काहीतरी म्हणणार एवढ्यात फोन वाजला. विक्री विभाग. तो ऐकत राहिला. "सगळा माल खपला?" त्यानं विचारलं. "सेबूच्या दुकानांतलाही?" फोन ठेवून तो खिडकीबाहेर बघू लागला. रविवारच्या प्रत्येक पेपरात आमची छायाचित्रं होती, आणि लोक हसत हसत दुकानात जाऊन तो चहा मागत होते.

"जा," तो शेवटी म्हणाला. "कामावर जा."

"आणि जर्सी?" पुरिंगनं विचारलं.

"विलाफ्लोर लिहा. नुसतं विलाफ्लोर. वडिलांचं नाव आहे, ते तरी पाडू नका."

महिन्याभरानं तो व्यापाऱ्यांच्या जेवणात सांगताना ऐकू आला, म्हणे ती अक्षरं पडण्याची कल्पना त्याचीच. पुरिंगला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "घेऊ दे. त्याला सूट सोडून स्वतःचं असं काहीच नाही."

त्या मोसमात आम्ही अंतिम फेरी गाठली आणि शेवटच्या सामन्यात एका गुणानं हरलो. पुरिंग प्रत्येक सामन्याला आली. शेवटच्या सेकंदाला सेनीला धक्का बसला आणि पंचानं शिट्टी वाजवली नाही, तेव्हा ती खुर्चीवर उभी राहून त्या पंचाच्या आईबद्दल जे बोलली ते ऐकून पुढच्या रांगेतल्या नननं क्रुसाची खूण केली. फाटक्या टोपलीबद्दल मात्र ती पुन्हा कधी बोलली नाही.

त्र्याण्णवमध्ये संघ एका टेलिफोन कंपनीला विकला गेला. यादी झाली. खेळाडू, प्रशिक्षक, चषक, आठ चेंडू, एक बर्फाची पेटी. शिवणखोली त्यात नव्हती. नव्या जर्सी परदेशातून छापून यायच्या, उसवायचं काही कामच नाही. पुरिंग पुन्हा एप्रन शिवू लागली. चार वर्षांनी निवृत्त झाली आणि घराच्या पडवीत मशीन मांडून गल्लीतल्या संघांचे कपडे शिवू लागली. तिचं पहिलं गिऱ्हाईक एक शवपेटीवाला होता, त्याचा संघ फार हळू खेळायचा.

सेनी नगरसेवकाच्या निवडणुकीला उभा राहिला. आमच्याकडे उंच माणसाला दुसरं काय जमणार? प्रचाराचे तीनशे शर्ट त्यानं पुरिंगकडूनच शिवून घेतले. निवडूनही आला, आणि मग आणखी दोनदा. एकदा मी तिला विचारलं, "आते, मत त्यालाच देतेस ना?"

"छे!" ती दोरा तोडत म्हणाली. "कोपऱ्यावर दिवा लावून देतो म्हणाला होता पहिल्या वेळी. लावू दे आधी."

दिवा अजून लागलेला नाही. सेनी दर ख्रिसमसला हॅम घेऊन येतो, ती घेते, आणि दारातच त्याला तो अंधारा खांब दाखवते.